शेड उभी आहे म्हणजे घर निम्मं झालं?

‘काजूची, होडीची नाहीतर जुन्या गोठ्याची शेड पडून आहे? चारी बाजूंनी भिंती घाला, फरशी टाका, महिन्याभरात निम्म्या पैशांत घर तयार. पत्रा गंजत नाही, लोखंड वाऱ्याला दाद देत नाही आणि शेडच असल्याने परवानगीचीही भानगड नाही.’ अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतोय आणि लोक त्यावर हिशेबही मांडताहेत. शेडचं घर होतं, यात वाद नाही. पण शेड टिकते ती उघडी आणि हलकी असते म्हणून. ती बंद केली, तिच्याभोवती वजन चढवलं की सगळं गणित बदलतं, आणि ते त्या मजकुरात कुठेच नाही.

‘पत्रा गंजत नाही.’ सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच. गंज अडवतो तो पत्र्यावरचा जस्ताचा थर. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर एकोणीसेक. समुद्राच्या तोंडावर खाऱ्या वाऱ्यात वर्षाला चार ते आठ मायक्रॉन जस्त झिजू शकतं. भागाकार ज्याचा त्याने करावा. रंगीत पत्र्यावर रंगाचं आवरण असतं खरं, पण कापलेली कड आणि स्क्रूचं भोक उघडंच राहतं.

त्यात एक गंमत अशी की वरची बाजू पावसाने धुऊन निघते, आतली कधीच नाही. वळचणीखाली मीठ साचतं आणि ते हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून वरून चकचकीत दिसणारा पत्रा खालून पोखरलेला सापडतो. उघड्या शेडमध्ये निदान वारा तो भाग सुकवतो. सीलिंग ठोकून बंद केलंत की तेही गेलं. वर स्वयंपाकाची वाफ. थंडीतल्या पहाटे पत्रा गार पडतो आणि आतून थेंब टपकायला लागतात. लोक त्यालाच गळती समजून वर डांबर फासत बसतात. उन्हाचा ताप अडवायला पत्र्याखाली फॉइलचा थर द्यायचा तर मध्ये इंचभर हवेची फट ठेवूनच, आणि आढ्याला हवा जायला वाट हवी. पत्र्याला चिकटवलेलं फॉइल उन्हाच्या तापापुढे फारसं उपयोगाचं नाही.

खांब बघायचा तर वर नाही, पायाशी. फरशीला टेकतो तिथे सहा इंच उकरा आणि हातोडीने खालून वर ठोकत या. आवाज खणखणीत असेल तर ठीक. बद्द येत असेल, पापुद्रे सुटत असतील, तर रेडऑक्साइडचा हात मारून भागणार नाही. ट्रसला, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, जॅकचा टेकू द्या, खांब जमिनीपासून नऊ इंचांवर कापा, खाली काँक्रीटचा पेडेस्टल म्हणजे छोटा ओटा ओता, त्यात १६ मिमीचे चार अँकर बोल्ट, वर खांबाच्या तळाची लोखंडी बेसप्लेट. पोकळ पाइपाचं वरचं तोंड उघडं असेल तर पाणी आत उतरून तो आतूनच सडतो. तिथे झाकण वेल्ड करा आणि वेल्डवर जस्तयुक्त रंग लावा, कारण वेल्डिंगने तिथलं जस्त जळालेलं असतं.

‘वाऱ्याची चिंता नाही.’ ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते ज्या गावांनी पाहिलं, तिथे हे वाक्य म्हणून बघावं. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीला ३९ मीटर वाऱ्याचा मूळ वेग धरतात. ३९ धरला तरी दाब चौरस मीटरला नव्वदएक किलो येतो. वीस बाय चाळीस फुटांचं छप्पर ७४ चौरस मीटर, म्हणजे छपराला वर ओढणारी उचल सात टनांच्या आसपास. पत्रा, त्याखालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पर्लिन, आणि ट्रस मिळून वजन टनभर. उरलेली ओढ दहा खांबांत वाटली तर खांबाला पावणेसहाशे किलो. दीड बाय दीड बाय दोन फुटांच्या खड्ड्यातलं काँक्रीट भरतं जेमतेम तीनशे किलो. दोन बाय दोन बाय तीन फूट घेतलं तर आठशे. फरक फावड्याच्या काही घावांचा आहे.

वरच्या बाजूला पत्रा पर्लिनला धरणारा जे-हुक ओढ आली की सरळ होतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बरे, पण ०.३५ मिमीचा पत्रा स्क्रूभोवती फाटून निघून जातो आणि स्क्रू जागच्या जागी राहतात. राहत्या घराला ०.५ मिमी घ्या. पर्लिन मध्ये चार फुटांवर चालतील, वळचणीला आणि आढ्याला अडीच फुटांवर हव्यात; कडेच्या रांगेत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. वॉशर चेपून फुगेपर्यंत स्क्रू आवळू नका, रबर चिरतं आणि पुढच्याच पावसात तिथून गळतं.

‘निम्म्या पैशांत.’ शेडने वाचतो तो सांगाडा आणि छप्पर. संडास, सेप्टिक टँक, वायरिंग, नळ, दारं-खिडक्या यांना शेडची सवलत नाही. भिंतीचं तर वेगळंच. १२० फूट घेर, दहा फूट उंची. दारं-खिडक्या वजा जाता १४ बाय ९ बाय ७ इंचांचे चिरे चौदाशेच्या आसपास लागतील, वजन चाळीसेक टन. शेडच्या चार इंची कोब्यावर हे उभं केलं की कोबा बसतो आणि भिंत तिरकी फाटते. चिऱ्यालाही स्वतःचा पाया लागतो. तो नको असेल तर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्यांच्या चौकटीवर फायबर सिमेंट बोर्ड.

भिंत पाइपाला भिडवून बांधू नका. लोखंड उन्हात ताणतं, ४० फुटांत तीन-चार मिमी. दहा मिमीची फट सोडून सीलंट भरा. ओलं सिमेंट पत्र्याच्या कडेला लागू देऊ नका, अॅल्युमिनियम-जस्ताचा थर ते खाऊन टाकतं.

पावसाच्या आवाजाबद्दल मजकूर गप्प आहे. मिरगात उघड्या पत्र्याखाली फोनवर बोलून बघा.

‘परवानगी नको.’ शेड गोदामाची आणि घर राहण्याचं. वापर बदलला की प्रश्न येतोच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या यादीत, नोंद आणि घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. समुद्रालगत तर २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना: ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर ना-विकास क्षेत्र. तिथे मूळ अधिकृत बांधकामाची दुरुस्ती करता येते. पण शेडच कधी मंजूर नसेल तर दुरुस्ती कशाची दाखवणार? पहिला खड्डा खणण्याआधी सातबारा आणि सीआरझेडचा नकाशा शेजारी ठेवून बघा.