नव्या मांजराला आधी एकच खोली का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दत्तक आणलेल्या मांजराला सुरुवातीला आठवडाभर एका खोलीत ठेवा, हा माझा सल्ला म्हणजे मुक्या जिवाला कोंडणं आहे. तुमच्या साताऱ्याकडच्या घरात मांजरं मोकळी फिरली, दूध-भाकरीवर धडधाकट राहिली. आणि आता नातीने संस्थेतून आणलेली मांजरी पलंगाखालून बाहेर येत नाही, ती असल्या शहरी खुळांमुळेच.

तुमची कळकळ पोचली, पण सल्ला मी मागे घेणार नाही.

तुमच्या घरची मांजरं त्याच घरात जन्मली होती. माळ्यावर ऊब कुठे असते, कुत्रं आलं की कुठल्या फटीतून निसटायचं, हे आईमागे फिरता फिरता त्यांना कळलं होतं. नातीच्या मांजरीने आधी रस्ता पाहिला, मग दवाखान्यातला पिंजरा, मग संस्थेतला गोंगाट. आता हे घर, आणि इथे तिच्या स्वतःच्या वासाची एकही खूण नाही. मांजराला जागा आपली वाटते ती वासावरून. जरा स्थिरावली की बघा, कपाटाच्या कोपऱ्यावर, दाराच्या चौकटीवर ती गाल घासत जाईल. गालातल्या ग्रंथींचा वास ती तिथे लावून ठेवते. एवढं एका खोलीपुरतं तिला झेपतं. सगळं घर, मिक्सरचा आवाज, तिला बघायला येणारे शेजारी, असं एकदम अंगावर आलं की ती सापडेल त्या अंधारात शिरते. म्हणूनच तिच्या अंगाखालचा टॉवेल इतक्यात धुवू नका. आपल्याला तो कळकट दिसतो, पण त्या खोलीत तिच्या ओळखीचं तेवढंच असतं.

शिवाय फ्लॅटच्या गॅलरीला जाळी नसेल तर बिथरलेलं मांजर थेट खाली पडतं. घरात आधीचं मांजर असेल तर वेगळं ठेवण्याला आणखी एक कारण आहे: पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा संसर्गजन्य आजार. त्याचा विषाणू शरीरात शिरल्यावरही काही दिवस मांजर ठणठणीत दिसू शकतं, आणि पिल्लांना तर तो फार लवकर संपवतो.

दूध-भाकरीचं म्हणाल, तर तुमची मांजरं तेवढ्यावर जगत नव्हती. कणगीजवळचे उंदीर त्यांना पोसत होते. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. फ्लॅटमधल्या मांजरीला उंदीर कुठून मिळणार? दुधाने तर बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

एक मात्र तुमचं बरोबर आहे, आठवडा हा काही नियम नाही. धीट पिल्लू दुसऱ्याच दिवशी दाराशी ओरडायला लागतं, त्याला खुशाल बाहेर येऊ द्या. उलट साधारण 2 ते 7 आठवड्यांच्या वयात ज्याला माणसाचा हातच लागला नाही, त्याला महिनेही लागतात.

आता नातीच्या मांजरीबद्दल. तिला पलंगाखालून ओढून काढू नका, झाडूने तर मुळीच नको. दोन बाजूंना भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं खोलीत ठेवा, म्हणजे लपायला तिची स्वतःची जागा होईल. खाणं-पाणी एका कोपऱ्यात आणि लिटरचा (शी-शूसाठीच्या मातीचा) ट्रे त्यापासून लांब. तुम्ही जमिनीवर बसून पेपर वाचा, तिच्याकडे टक लावू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा-उघडा. रात्री वाटी रिकामी होत असेल आणि ट्रे वापरला जात असेल तर सगळं ठीक चाललंय, तिला तिचा वेळ घेऊ द्या. पण 24 तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. आणि मांजरी म्हणून आणलेला तो बोका निघाला (लहानपणी ही गफलत फार होते), ट्रेमध्ये कुंथत बसला आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.