जंगल राखल्याचे पैसे: कोस्टा रिकाची चूकही शिकून घ्या

जंगल राखलं म्हणून मालकाला पैसे द्यायचे असतील, तर मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या योजनेसोबत तिची पहिली चूकही शिकावी.

१९९६च्या वनकायद्याने तिथे उभ्या जंगलाची चार कामं मान्य केली: कार्बन धरणं, पाणी राखणं, जीवसृष्टी जपणं आणि निसर्गसौंदर्य. १९९७पासून मोबदला सुरू झाला. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येतो, त्यातला साडेतीन टक्के वाटा कायद्यानेच बांधून दिलेला. माझ्या मते योजना टिकली ती यामुळे.

मालक जमिनीचे कागद आणि नकाशा देतो. परवानाधारक वनतज्ज्ञ आराखडा करतो: हद्द कुठली, जाळरेषा (वणवा अडवायची मोकळी पट्टी) कुठे काढायची. तोड, चराई, शिकार बंद. हाच तज्ज्ञ पाहणी करून दाखला देतो, मग वर्षाचा हप्ता निघतो. करार मालमत्तेच्या नोंदीवर चढतो, त्यामुळे जमीन विकली तरी बंधन सुटत नाही. खाजगी मालकाला किमान २ आणि कमाल ३०० हेक्टर जंगल योजनेत घालता येतं. संरक्षणाचा दर बरीच वर्षं हेक्टरी वर्षाला सुमारे ६४ डॉलर होता.

चूक निवडीत झाली. सुरुवातीला जो आधी येईल त्याला पैसे. आले कोण? ज्यांचे कागद चोख होते आणि जमीन चढाची, रस्त्यापासून लांब. तिथे तसंही कुणी कुऱ्हाड लावणार नव्हतं! शिवाय त्याच कायद्याने जंगल मोडायला बंदी होती. म्हणजे खास या पैशामुळे वाचलेलं जंगल थोडंच. पुढे वन्यजीवांचे जोडमार्ग, पाण्याचे स्रोत, आदिवासी प्रदेश, लहान शेतकरी अशांना प्राधान्य मिळू लागलं.

आता आपलं कोकण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खाजगी, सामाईक. सातबारावर नावांची रांग, निम्मे हिस्सेदार मुंबईत. 'कागद चोख असेल तरच' हा नियम लावला तर बहुतेक रानं पहिल्याच पायरीवर बाहेर पडतील. त्यामुळे हिस्सेदारांची संमती गोळा करण्याचा खर्च योजनेनेच उचलावा आणि रक्कम हिस्सेवार खात्यात जावी. लाकडाचा ठेकेदार रोख एकरकमी देतो, म्हणून पहिला हप्ता मोठा हवा, बाकीचे दरवर्षी पाहणीनंतर. प्राधान्य रस्त्यालगतच्या, तोडीला आलेल्या रानाला. दोडामार्गकडे रबरासाठी साफ होणारी जमीन एवढ्याशा दराने थांबणार नाही, तिथे हा पैसा घालू नये. जळाऊ लाकडासाठी जे रान तुटतं, तिथे मात्र तो ठेकेदाराच्या रकमेला टक्कर देऊ शकतो.