आत्याचा ८के बॉक्स आणि आयुष्यभराचं फुकट

परवा रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. देवगडाकडे राहते, सत्तरी ओलांडलीय, आणि साडेनऊ म्हणजे तिची मध्यरात्र. छातीत धस्स झालं. उचलला तर पलीकडून, "झिला, तो नवीन बॉक्स घेवचो काय रे? भजनातली सगळी घेतत."

मागोमाग तिने मेसेज ढकलला. यंदा हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांतून आलाय, पाचव्यांदा खुद्द आत्याकडून. मजकूर असा: 'केबल-डिश आजच बंद करा! नवीन ८के अँड्रॉइड बॉक्स, फक्त २,९९९ रुपये. एकदाच पैसे, आयुष्यभर हजारच्या वर चॅनेल, सगळे ओटीटी, सगळं क्रिकेट फुकट. इंटरनेटची गरज नाही. जुना टीव्ही ८के होणार. कितीही पाऊस पडो, सिग्नल जाणार नाही. सरकारमान्य. चतुर्थीआधी बुक करा.' खाली हात जोडलेले सहा आणि एक तिरंगा.

आत्याला 'नको घेऊ' एवढं सांगून भागत नाही. 'कित्याक?', म्हणजे का, हा तिचा प्रश्न ठरलेला. तर कित्याक ते ऐका.

'इंटरनेटची गरज नाही' इथपासूनच सुरुवात करू, कारण हे वाचून मी आधी हसलो आणि मग चिडलो. या बॉक्सला छत्री नाही, केबलची वायर नाही. मग चित्र येणार कुठून, माडावरून? विकणाऱ्याला फोन करून विचारलं तर म्हणतो, "मोबाइलचा हॉटस्पॉट लावा की काका." म्हणजे इंटरनेटच ना बाबा! नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी लागतात आणि ४के चित्राला ७ जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर एचडी चाळीस मिनिटं चालेल, ४के सतरा. आत्याची दुसरी मालिका संपायच्या आत तिचा दिवसाचा डेटा संपलेला असेल. त्यात तिच्या घरात रेंज येते ती खळ्यात, तुळशीच्या उजव्या अंगाला. टीव्ही माजघरात.

'जुना टीव्ही ८के होणार' यावर फार वेळ घालवत नाही. आत्याचा टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. ८के म्हणजे ७६८० गुणिले ४३२०. शेराच्या मापात खंडीभर भात ओतला म्हणून मापात शेराच्या वर काही राहत नाही. बाकीचा खळ्यात सांडतो.

आता 'आयुष्यभर फुकट'. मेसेजमधलं सगळ्यात गोड वाक्य, आणि नुकसान याच्यातच आहे.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ज्यांनी हे पैसे मोजले ते तो सामना आयुष्यभर फुकट सोडणार, आणि तोही बाजारात टेबल मांडून बसलेल्या माणसाच्या बॉक्सवर? अर्थातच नाही. बॉक्सात जे दिसतं ते चोरीचं प्रक्षेपण असतं. कुठल्या तरी सर्व्हरवरून येतं, तो सर्व्हर पकडला किंवा बंद पडला की पडदा काळा. तेव्हा 'आयुष्यभर' म्हणजे आत्याचं आयुष्य, बॉक्सचं की त्या सर्व्हरचं, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये असल्या धंद्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण कलमं सांगून आत्या बधत नाही. तिला विचारायचं ते हे: बॉक्स बनवणाऱ्याला यात परवडतं कसं?

याचं उत्तर ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने जाहीर सूचना काढून दिलंय. 'बॅडबॉक्स २.०' नावाचं जाळं. स्वस्तातले टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, फोटो फ्रेम अशी बहुतेक चीनमध्ये बनलेली उपकरणं विकत घेण्याआधीच आतून पोखरलेली असतात, किंवा पहिल्यांदा चालू करताना जी अॅपं घालायला लावतात त्यांतून पोखरली जातात. ओळखायच्या खुणाही त्यांनी दिल्यात. अनोळखी ब्रँड. अॅपं भलत्याच दुकानातून घ्यायला लावणं. घातक अॅपं पकडणारं गुगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणं. 'अनलॉक केलेला आहे, सगळं फुकट दिसतं' अशी जाहिरात. ही यादी वाचताना मला वाटलं, कुणीतरी आत्याचा मेसेज समोर ठेवूनच लिहिलीय. पुढच्याच महिन्यात गुगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात या जाळ्यामागच्या लोकांवर दावा लावला. त्यात अशा उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितलाय. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने तिथल्या सुमारे तीस हजार उपकरणांचा त्यांच्या मालकांशी असलेला संपर्क तोडला होता. मालक म्हणजे ज्यांनी पैसे देऊन घेतली ते नव्हेत. आतून चालवणारे.

ते चालवून करतात काय? हे कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. समजा तुमचा भाऊ मुंबईत, गावचं घर बंद, किल्ली राखणदाराकडे. राखणदार अंगण झाडतो, दिवा लावतो, तुम्ही खूश. आणि रात्री तो तेच घर परक्या माणसांना तासावर देतो. ती माणसं तिथे बसून कुणाला गंडा घालतात, कुणाचे पैसे उडवतात, तुम्हाला पत्ता नाही. चौकशी आली की पत्ता मात्र तुमच्या घराचा निघतो. बॉक्स नेमकं हेच करतो. तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता परक्याला भाड्याने देतो. कुणी दूर बसून फसवणूक करतो आणि समोरच्याला दिसतं की हे देवगडातल्या एका म्हातारीच्या घरातून आलं. वर तुम्हाला न दिसणाऱ्या जाहिराती पाठीमागे उघडून त्यांवर क्लिक मारणं, हा जोडधंदा. २,९९९ ही नुसती अनामत समजा. खरी कमाई नंतर, तुमच्या विजेवर आणि तुमच्या डेटावर.

हे लांबचं वाटत असेल तर आमच्या शेजारचं सांगतो. त्यांनी गेल्या वर्षी असलाच एक घेतला. खोक्यावर १६ जीबी रॅम. मी तपासायचं अॅप टाकलं तर दोन. सोबतच्या कागदावर पहिलीच सूचना, 'प्ले प्रोटेक्ट बंद करा.' पडदा टीव्हीचा वाटेचना, कुणीतरी मोबाइल आडवा करून ठेवल्यासारखा. रिमोटने माऊसचा बाण सरकवत बसायचं. नेटफ्लिक्स होतं, पण मोबाइलचं कोंबलेलं, आणि चित्र ढगाळ. असल्या बॉक्सला नेटफ्लिक्सचा परवानाच नसल्याने ते एसडीच्या, म्हणजे जुन्या साध्या चित्राच्या, वर चढत नाही, खोक्यावर ८के सोडा, सोळा के छापलं तरी. मग घरची मंडळी आठ दिवस मुंबईला गेली. फ्रीजमुळे मेन स्विच चालूच, त्यामुळे राउटर चालू आणि बॉक्सचा लाल दिवाही. आल्यावर त्यांनी मला बोलावलं, इंटरनेट मंद का झालंय बघायला. राउटरच्या पानावर उपकरणवार हिशेब असतो. त्यात बॉक्सच्या नावापुढे खाली आलेल्या डेटापेक्षा वर गेलेला डेटा जास्त. यावरून तो बॅडबॉक्सच होता असं छातीठोक म्हणता येत नाही, मी काही प्रयोगशाळा नव्हे. पण टीव्हीच्या बॉक्सचं काम खाली आणायचं. घरात बघणारं माणूस नाही, टीव्ही बंद, आणि हा आठ दिवस वर काय पाठवत होता? आता तो फडताळात पडून आहे. यूएसबीच्या तोंडावर खाऱ्या हवेने हिरवं धरलंय.

'सरकारमान्य'. खोक्यावर तिरंगा छापला की माल सरकारमान्य होतो, असा एक नवाच समज पसरलाय. सेट टॉप बॉक्सला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. ती असेल तर वस्तूवर मानचिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. फोनवर 'बीआयएस केअर' अॅप घ्या, नंबर टाका, कुणाच्या नावाची नोंदणी आहे ते दिसतं. शेजारच्यांच्या बॉक्सवर नंबरच नव्हता. आणि नंबर निघाला तरी त्याचा अर्थ हात लावल्यावर शॉक बसू नये इतपत तपासणी झालीय, एवढाच. आतले चॅनेल चोरीचे नाहीत असं बीआयएस सांगत नाही, ते त्यांचं कामही नाही.

राहिला पाऊस. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, इलाज नाही. छत्रीचा सिग्नल पावसात जातो हे खरंच आहे. डीटीएच आणि फ्री डिश दोन्ही केयू बँड नावाच्या उपग्रह लहरींवर चालतात, त्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, आणि आपल्याकडचा आषाढातला थेंब त्यांना सहज गिळतो. तेव्हा मेसेजवाल्याचं तेवढं अर्धं वाक्य बरोबर. उरलेलं अर्धं असं की त्याच पावसात झावळ पडून फायबरची वायर तुटते, आणि लाईट गेली की राउटरही डोळे मिटतो. शिवाय आत्याचा सिग्नल नुसत्या शिंतोड्याला जातो, तो पावसाने नव्हे. मी मे महिन्यात बघून आलोय, तिच्या छत्रीचा क्लॅम्प गंजून सैल झालाय आणि वाऱ्याने तोंड हललंय. क्लॅम्प बदलायचा, वायरचा कनेक्टर नवा घालायचा, दिशा परत लावायची. मग मुसळधार सोडला तर बाकी पावसात चित्र टिकतं.

आणि हो, दर महिन्याला चार-चार ओटीटीचे पैसे भरणं जिवावर येतं, हेही कबूल. मला स्वतःला येतं. एक मालिका इथे, सामना तिथे, सिनेमा तिसरीकडे. लोक वैतागलेत म्हणूनच असला मेसेज खपतो.

पण आत्या वैतागायचं कारण काय? तिच्याकडे फ्री डिश आहे. २००४ पासून चालू असलेली प्रसार भारतीची सेवा, छत्री-बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याचं बिल शून्य. सह्याद्री त्यावर आहे, बातम्या आहेत. ते शून्य रुपयांचं बिल वाचवायला ती २,९९९ मोजायला निघालीय! हे मी तिला फोनवर म्हटलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग हळूच खरं कारण बाहेर आलं. चतुर्थीला नातू येतो तेव्हा त्याच्या मोबाइलवर यूट्यूबवर दशावतार लावून देतो. तो मोठा बघायचाय. "टीव्हीर दिसतलो मां?"

हे आधी सांगायचं ना गो आत्ये.

दशावतारासाठी स्ट्रीमिंगचा बॉक्स घेणं यात वेडेपणा काहीच नाही. टीव्ही चांगला असेल आणि घरी बऱ्यापैकी इंटरनेट असेल तर बॉक्स ही उपयोगाचीच वस्तू आहे; नवा टीव्ही घेण्यापेक्षा स्वस्त पडते. फक्त तो गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीची अधिकृत मान्यता असलेला असावा, मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर आहे. नाहीतर एखाद्या नावाजलेल्या कंपनीची स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायचा छोटा बॉक्स, घ्यावी. फायबरवाले पुष्कळदा जोडणीबरोबर स्वतःचा बॉक्स देतात, तो आधी विचारावा. विकत घेताना रिमोट हातात घेऊन यूट्यूब लावून बघावं: बाण सरकवावा लागला तर परत ठेवायचा. टीव्हीला एचडीएमआयचं तोंड आहे ना हेही बघावं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा जुना डबा असेल तर बहुतेक नव्या स्टिका त्याला लागतच नाहीत. आणि १३६६ ठिपक्यांच्या टीव्हीला ४के बॉक्सचे जादा पैसे देऊ नयेत, साधा एचडी पुरतो.

आत्याच्या बाबतीत तेही नको. तिच्याकडे फायबर नाही, रेंज तुळशीपाशी. नातू आला की त्याचा फोन वायरने टीव्हीला जोडता येतो का ते बघू, नाहीतर मी चार-पाच नाटकं आयोजकांना विचारून पेनड्राइव्हवर मिळतात का पाहतो. तिच्या टीव्हीला मागे यूएसबीचं तोंड आहे, मीच त्यावरची धूळ पुसली होती.

एवढं सगळं मी तिला वीस मिनिटं सांगितलं. तिने मध्ये एकदाही 'कित्याक' म्हटलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"समाजला," ती शेवटी म्हणाली. "पण पाचशे रुपये तेका आगावू दिलंय मरे."

मी म्हटलं, गेले समज.

"जातत कशे? शनिवारी बाजाराक येतलो तो. तेव्हा बघतंय." आणि फोन ठेवला.