भिंतीवरचे पूर्वज

आमच्या दिवाणखान्यातील सोफ्यामागची भिंत बारा वर्षे रिकामी होती आणि त्या बारा वर्षांत तिच्याविषयी घरात कोणाचीही तक्रार नव्हती. एका मित्राकडे जुन्या खेळाडूंची कृष्णधवल छायाचित्रे चौकटीत लावलेली मी पाहिली आणि आपल्याही भिंतीला थोडा इतिहास असावा, अशी अवदसा मला आठवली.

पत्नीने लॉर्ड्सच्या सज्जात विश्वचषक घेऊन उभा असलेला १९८३ सालचा कपिल देव सुचवला होता. तो सगळ्यांकडेच असतो, असे म्हणून मी तो नाकारला. मला हवा होता त्याच लॉर्ड्सवर ५१ वर्षे आधी, २५ जून १९३२ रोजी, पहिली कसोटी खेळायला उतरलेला भारतीय संघ. त्या सकाळी महंमद निसारने सटक्लिफ आणि होम्स या दोघांचेही त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळून काढला तो जनार्दन नवले या मराठी माणसाने, आणि नवव्या क्रमांकावर आलेल्या अमर सिंगने दुसऱ्या डावात देशाचे पहिले कसोटी अर्धशतक झळकावले. सामना आपण १५८ धावांनी हरलो. परंतु भिंतीवर लावायच्या इतिहासात एवढे तपशील नसले तरी चालते.

छायाचित्र संगणकावर सुरेख दिसत होते. छपाईवाल्याने मात्र ते पाहून मान हलवली. दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने चोवीस इंच रुंदीसाठी ७२०० ठिपके लागतात आणि माझ्याकडे त्याच्या दशांशही नव्हते. पहिल्या प्रतीत सगळा संघ ज्वारीच्या दाण्यांचा बनलेला दिसला. अखेर आकार निम्मा करून, भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा रुंद काठ सोडून इभ्रत राखावी लागली.

खरा प्रसंग ओढवला तो फ्रेमवाल्याच्या दुकानात. ब्लेझर घालून गंभीर चेहऱ्याने दोन रांगांत बसलेल्या आणि उभ्या असलेल्या त्या पुरुषांकडे त्याने बराच वेळ पाहिले आणि मग आवाज खाली आणून विचारले, “एकदम सगळेच? अपघात होता का, साहेब?” हे क्रिकेटपटू आहेत, असे मी सांगितले. “असू द्या,” तो सहानुभूतीने म्हणाला, आणि चौकटीच्या माथ्यावर हार अडकवण्यासाठी एक पितळी हूक त्याने पैसे न घेता बसवून दिला.

खिळ्याविषयी फार लिहीत नाही. भिंतीत नेमकी त्याच ठिकाणी काँक्रीटची तुळई निघाली, दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू नये हा सोसायटीचा नियम मला दोन वाजून पाच मिनिटांनी कळवण्यात आला, आणि चौकट टांगल्यानंतर संघ डावीकडे कलला आहे असे पत्नीचे, तर उजवीकडे कलला आहे असे मुलीचे मत पडले.

आमच्या समाजात कृष्णधवल छायाचित्राला काच आणि चौकट लाभली, की त्यातील व्यक्ती कैलासवासीच असणार, हे मी विसरलो होतो. शेजारचे निवृत्त गृहस्थ चहाला आले, ते बसण्यापूर्वी छायाचित्रासमोर हात जोडून क्षणभर उभे राहिले. आता त्यांना निसारविषयी सांगणे असभ्यपणाचे ठरले असते. काकांनी मागच्या रांगेतील एकाचे नाक थेट माझे आहे, असा शोध लावला आणि घराण्यातले हे लोक आपल्याला कधी दाखवले नाहीत म्हणून वडिलांवर राग धरला. काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके पुढे बसलेल्या एका खेळाडूच्या डोक्यामागे पडते. ते तेजोवलय पाहून कामाच्या मावशी फडके मारताना तेवढ्या काचेला बोटही लावत नाहीत.

सगळ्यांत समाधानी झाली ती आत्या. चश्मा पुसून तिने सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाली, “दिशा मात्र अगदी बरोबर निवडलीस हो. दक्षिणेची भिंत. हल्लीच्या मुलांना कुठे एवढे कळते!” ती भिंत दक्षिणेला आहे हे मला तोपर्यंत खरोखरच ठाऊक नव्हते. हे खेळाडू आहेत, यातले कर्णधार सी. के. नायडू, त्यांचा आपल्याशी काहीही संबंध नाही, असे मी तीनदा सांगितले. “संबंध नाही असे म्हणू नये रे,” ती म्हणाली, “गेलेल्या माणसांविषयी.”

यंदा २५ जूनला, हूक आहेच तर वापरावा, आणि निसारच्या त्या सकाळीचे स्मरणही होईल, अशा विचाराने मी मंडईतून निशिगंधाचा एक हार आणून चौकटीला घातला. पत्नीने तो पाहिला आणि काही न बोलता आत निघून गेली. संध्याकाळी आत्या आली. हार पाहून तिचे डोळे भरून आले, परंतु लगेच सावरून तिने मला समोर बसवले आणि बजावले, “हे तारखेने करायचे नसते, बाळा. तिथीने करायचे असते.”

सध्या मी १९३२ सालचे पंचांग शोधतो आहे.