गच्ची टॉवरला द्यायची का कुरडयांना?

भांडाराच्या भावफळ्याशेजारी मागच्या सोमवारी एक कागद चिकटवलाय. इमारतीची गच्ची मोबाइल टॉवरला भाड्यानं द्यायचा विचार आहे. पुढच्या उन्हाळ्यापासून सुटी मिरची आणि सुटं धान्य बंद करून फक्त पाकिटातला माल ठेवायचाही विचार आहे. सभासदांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं. मी तीन ओळी लिहून दिल्या. उरलेलं इथं लिहितेय. लांबलंय, उन्हं उतरल्यावर निवांत वाचा.

सांगलीच्या गावभागातलं हे जुनं ग्राहक भांडार. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. सासूबाईंनी दहा रुपयांचा शेअर घेतला होता, तो त्यांच्यामागं माझ्या नावावर आला. वसंतदादांच्या या जिल्ह्यात सहकार म्हटलं की माणसं ऊस बोलतात, दूध बोलतात, बँका बोलतात. भांडाराचं नाव कुणी काढत नाही. बरोबरच आहे, भांडाराच्या निवडणुकीला जीपगाड्या लागत नाहीत. १९६२ च्या चीन युद्धानंतर महागाई भडकू नये म्हणून सरकारनं अशी भांडारं काढायला पैसा दिला होता. त्या काळात कितीतरी निघाली आणि त्यातली कितीतरी बसलीही. सासूबाई सांगायच्या, दिवाळीआधी पामतेल आणि रवा येणार असं कळलं की पहाटेपासून दारात पिशव्यांची रांग लागायची. माणसं घरी चहा पीत असायची, पिशव्या रांगेत उभ्या. आणि कुणी कुणाची पिशवी मागं सरकवायचं नाही.

मी माहेरची विट्याकडची. आमच्याकडं उन्हाळ्याची बेगमी म्हणजे शेतातला शाळू उफणून कणगीत भरणं, मिरची तेवढी बाजारातली. इथं आले तर सगळंच विकत. सासूबाई पहिल्या उन्हाळ्यात मला भांडारात घेऊन गेल्या तेव्हा वाटलं, हे दुकान आहे का लग्नघर? शिमगा झाला की आतल्या खोलीतली फडताळं भिंतीला लावून मधे पोती मांडायची. एका बाजूला शाळू, बन्सी आणि खपली गहू. दुसऱ्या बाजूला ब्याडगी, संकेश्वरी, धणे, खोबरं आणि हळकुंडं. हळकुंडं अर्थात सांगलीचीच, दुसरीकडची आणली तर हमालसुद्धा नाक मुरडतील. ओसरीत लाल फडकं गुंडाळलेला माठ, त्याच्याजवळ बाकडं, आणि बाकड्यावर कायम चार बायका. त्यातल्या दोघी काही घ्यायला आलेल्या नसायच्याच.

पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी एक सांगते. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची चमचाभर वस्तू नव्हे. वर्षभराचं कालवण जिच्या जिवावर चालतं ती कांदा-लसणाची चटणी. आमच्या घरचं माप असं: दोन किलो मिरचीत दीड किलो ब्याडगी रंगाला आणि अर्धा किलो संकेश्वरी चवीला नि तिखटाला. कांदा किलोभर, उभा चिरून दोन दिवस उन्हात टाकायचा, मग तेलात लालभडक तळायचा. लसूण, खोबरं, धणे प्रत्येकी अर्धा किलो. बाकी खडा मसाला सासूबाईंच्या हाताच्या मापानं, आणि तो हात आता राहिला नाही, त्यामुळं दरवर्षी मी दालचिनी जास्त घालते आणि दरवर्षी नवरा काही बोलत नाही. मग डब्यांत भरून डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीवर जायचं. तिथं नंबर लावायचा आणि आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळत नाही ना, यावर ससाण्यासारखी नजर ठेवायची.

डंकावर जायच्या आधी मिरचीचे देठ खुडावे लागतात, आणि हे काम ज्याला एकट्यानं करावं लागलंय त्याला एकटेपणा म्हणजे काय ते विचारा. बोटं भगभगतात, नाक गळतं, डोळ्याला हात लागला तर संपलं. म्हणून भांडाराच्या ओसरीत बसायचं. सभासद बाई पाच किलो मिरची घेते, तिथंच ओतते, बाकड्यावरच्या चौघी खाली उतरून गोल करून बसतात. तासाभरात देठांचा ढीग एकीकडं आणि गल्लीतली सगळी बातमी दुसरीकडं. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या पोराचं मोडलं. शेवटी काउंटरवरनं खोबरेल तेलाची बाटली फिरायची, हाताला चोळायला. ते तेल कुणाच्या बिलात लागायचं, मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मिरचीच्या भावाबद्दल. यावरच सगळी भांडणं होतात.

वाळलेली मिरची उन्हाळ्यात रोज थोडी थोडी हलकी होते. पोतं आणलं तेव्हाचं वजन आणि शेवटचा किलो विकेपर्यंतचं वजन यात फरक पडतो, त्याला घट म्हणतात. ही घट कुणीतरी सोसावी लागते. काही ठिकाणी सोसत नाहीत. मिरचीवर पाण्याचा बारीक फवारा मारतात, मिरची मऊ पडते, चकाकते आणि वजनाला भरते. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय ताजी आहे! वाळलेली मिरची ताजी दिसली की खरं तर पिशवी मिटून घरी यावं. चांगली मिरची हातात घेऊन हलवली तर आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मी मॅनेजरांना एकदा विचारलं की तुमचा भाव किलोमागं वीस-बावीस रुपये जास्त का? ते म्हणाले, “वहिनी, बाहेर फवारा मारत्यात. आपण कुणावर मारायचा? गिऱ्हाईक आपलंच सभासद. त्यालाच पाणी इकायचं व्हय?”

हे ऐकूनही दोन वर्षांपूर्वी मी काय केलं ते सांगते, म्हणजे मी कुणाला शहाणपण शिकवतेय असं वाटणार नाही. मिरज रस्त्याला एका मोठ्या थंडगार दुकानात मिरची किलोला बावीस रुपयांनी स्वस्त दिसली. घेतली. शाळूही तिथलाच घेतला, ढकलगाडीत टाकून, गाणी ऐकत. श्रावणात चटणीची बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. ओल आधीपासूनच मिरचीत होती, मी ती पैसे देऊन घरी आणली होती. दोन किलो मिरचीचे चव्वेचाळीस रुपये वाचवले आणि वर्षाची चटणी कृष्णामाईला अर्पण केली. नंतर भांडाराची माझी सभासद पुस्तिका काढून बघितली. त्या एप्रिलच्या पानावर दोनच नोंदी होत्या: कापूर आणि खडीसाखर.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वार्षिक सभेत उभी राहून मी तावातावानं विचारलं होतं की विक्री का घटली, संचालक मंडळ काय करतंय? आता ते आठवलं की कानशिलं तापतात. आमच्या सभेत चढ्या आवाजात बोलणाऱ्यांच्या पुस्तिका एकदा भिंतीवर लावाव्यात, माझ्यापासून सुरुवात करून. कापूर आणि खडीसाखरेवर भांडार चालत नाही. ते चालतं शाळूच्या पोत्यावर, मिरचीवर, तेलाच्या डब्यावर. मार्च ते मे या तीन महिन्यांत घराघरातनं जी मोठी खरेदी निघते ती आपण बाहेर करतो, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत सुट्या पैशांची अडचण झाली की इकडं वळतो. मग भांडार तोट्यात जातं आणि आपण म्हणतो, सहकार संपला.

गच्चीचं आता सांगते. भांडाराची गच्ची मोठी, आजूबाजूला उंच इमारत नाही, सकाळी आठपासून ऊन. गल्लीतल्या बायका तिथं वाळवण घालतात, त्याला वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. पाचजणींचा गट आहे. त्या घरच्यापुरतं करतात आणि जास्तीचं भांडारातच विकायला ठेवतात. परवा एका बाईंनी कुरडयांचं पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, “एवढं महाग? गहूच तर आहे.” मी शेजारी उभी होते, राहवलं नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, गाळायचा, चोथा वेगळा करायचा. रात्रभर चीक खाली बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून चुलीवर हाटायचा, तो हाटताना गुठळी झाली तर मेहनत वाया. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, कारण गार झाला की उतरत नाही. किलोभर गव्हाच्या कुरडया वाळल्यावर अर्धा किलोच्या आसपास भरतात. एवढं सांगेपर्यंत बाई निघून गेल्या होत्या. पाकीट ठेवून.

पोरांना मात्र ते तीन दिवस म्हणजे सण. गरम चीक वाटीत घेऊन वर तूप-साखर. उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून. कावळे हाकलायला बसवलेली पोरं अर्धे ओले सांडगे कावळ्यांपेक्षा जास्त खातात. माझा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, त्याला आमरस कुठंही मिळतो, फोनवरून पन्हंसुद्धा येतं म्हणे. पण ओला सांडगा मागवायची सोय अजून झालेली नाही.

मागच्या वैशाखात दुपारी चारला वळीव आला. कसलीही चाहूल नाही, एकदम मिरजेच्या बाजूनं काळं झालं आणि वारा सुटला. गच्चीवर साड्यांवर पसरलेल्या कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, आणि वर एकटी एक म्हातारी आक्का. तिनं कठड्यावरनं अशी हाक मारली की काउंटर सोडून मॅनेजर धावले, हमाल तात्या धावले, तेल न्यायला आलेला एक अनोळखी माणूस धावला, तो सभासदसुद्धा नव्हता. चार मिनिटांत साड्यांची गाठोडी खाली. कुरडया निम्म्या मोडल्या, भिजली एकही नाही. मोडक्या कुरडयांचा चुरा त्या आठवड्यात ओसरीत फोडणी देऊन कांदा घालून खाल्ला. त्या अनोळखी माणसानं पुढच्या महिन्यात शेअर घेतला, असं मी लिहिलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. तो परत दिसला नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. गावभागात काय झालं असेल ते सांगायला नको. भांडारात साखरेची पोती उरली, साखर नाही. पाणी ओसरल्यावर सगळ्यात आधी बाहेर काढलं ते सभासदांचं रजिस्टर, चिखलानं जाड झालेलं. ऊन पडलं त्या दिवशी ते याच गच्चीवर पान पान सुटं करून वाळत घातलं, वारा लागू नये म्हणून वर दगड ठेवून. दगड तेच, पापडाच्या साड्यांच्या कडांवर ठेवतो ते. माझ्या सासूबाईंचं नाव आणि दहा रुपये, शाई पसरलेली, पण वाचता येत होते.

टॉवरच्या लहरींनी काय होतं नि काय नाही, या वादात मला पडायचं नाही. टॉवरचं भाडं खरं आहे, दर महिन्याला येणारं आहे. भांडारातल्या पोरांचा पगार वेळेवर व्हायचा असेल तर ते नाकारताना जीभ अडखळते. मॅनेजरांचं तर सरळ म्हणणं आहे की भावनेवर वीजबिल भरता येत नाही. मान्य. पण गच्चीला एकदा कंपनीचं कुलूप लागलं की किल्लीसाठी अर्ज करावा लागेल, आणि वळीव अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

म्हणून माझ्या तीन ओळींत मी भाडं मागितलंय. टॉवरकडनं नाही, आमच्याकडनं. इतकी वर्षं गच्ची फुकट वापरली, आता वाळवण घालणाऱ्या प्रत्येक घराकडनं हंगामाचे पैसे घ्या. टॉवरएवढे होणार नाहीत, माहीत आहे. दुसरं, माघातच मागणीची वही फिरवा. कुणाला किती शाळू, किती मिरची, निम्मे पैसे आगाऊ. म्हणजे पोतं पडून राहणार नाही आणि घटही कमी.

तिसरं जरा हिशेबाचं आहे. शेअरवरचा लाभांश कायद्यानं १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. दहा रुपयांच्या शेअरवर १५ टक्के म्हणजे दीड रुपया. दीड रुपयासाठी कोण मिरज रस्ता सोडून येईल? इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली २८ माणसांनी दुकान काढलं, त्यात विणकर बरेच. लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या, एवढाच माल. भर डिसेंबरातल्या रात्री दुकान उघडलं. भेसळ नको आणि माप पुरं हवं, हे त्यांचंही दुखणं. आणि नफा वाटायचा तो शेअरवर नाही तर ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. हेच आपल्याकडं का नको? कापूर-खडीसाखरवालीला शून्य, पोतं नेणाऱ्याला परतावा. दोन वर्षांपूर्वी हे लागू असतं तर मला काहीच मिळालं नसतं, आणि बरोबरच झालं असतं.

मागणीच्या वहीचं मंजूर होईल तेव्हा होईल. मी माझी यादी साध्या कागदावर लिहून निम्म्या पैशांसकट काउंटरवर दिलीय: शाळू पन्नास किलो, खपली दहा, ब्याडगी दीड, संकेश्वरी अर्धा. मॅनेजरांनी कागद घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, “आणि कापूर?”

संकेश्वरी अजून आलेली नाही. आली की फळ्यावर लिहितील.