तीन टक्के कमी

परवा बेळगावात कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी दहा रुपये मोजून माझा सर्किट बोर्ड तीन टक्क्यांनी लहान करून घेतला. घेतला म्हणजे, मला न विचारता करून देण्यात आला. मधल्यामध्ये तीन टक्के कापायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण कापणाऱ्याचा काही फायदा तरी व्हावा की नाही? हे तीन टक्के कुणाच्याच खिशात गेले नाहीत. नुसतेच गेले.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्किट बोर्ड आखायचं किकॅड नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते 1992 साली सुरू केलं, 2013 पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनं त्याला हातभार लावला, आणि ते फुकट आहे. जिथं प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवतात तिथले लोक ज्यावर बोर्ड काढतात, त्याच सॉफ्टवेअरवर मी वडगावात बसून पाण्याच्या मोटरीचा बोर्ड काढतो. याचा मला फार अभिमान आहे. घरात बाकी कुणाला नाही.

आधी सर्किट काढायचं. मग प्रत्येक भागाला त्याचा फूटप्रिंट द्यायचा, म्हणजे त्याचे पाय बोर्डावर नेमके कुठं बसणार तो साचा. मग बोर्डाच्या पानावर गेलं की सगळे भाग एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले असतात आणि कुठला पाय कुठं जोडायचा हे दाखवणाऱ्या बारीक रेघांचं जाळं, शहापुरातल्या मागावर ताणा तुटून गुंता व्हावा तसं. तो सोडवत एकेक ट्रॅक, म्हणजे तांब्याची वाट, ओढायचा. माझा बोर्ड एकाच बाजूला तांबं असलेला, त्यामुळं एका ट्रॅकनं दुसऱ्याला ओलांडायचं नाही. अगदीच नाइलाज झाला तर वरून तारेचा तुकडा टाकायचा. यात रात्रीचा एक वाजतो, आणि त्याची खंत फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटते. शेवटी सॉफ्टवेअरला तपासायला सांगायचं. दोन ट्रॅक फार जवळ आलेत का, काही जोडायचं राहिलंय का, सगळं ते बघतं. माझ्या बोर्डावर त्यानं 0 चुका दाखवल्या.

त्या बिचाऱ्याला झेरॉक्सचं दुकान माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चीनमधून मागवायचा की. मागवतात लोक. दहा बाय दहा सेंटीमीटरच्या आतला बोर्ड असला तर भाव खरंच किरकोळ, पण कमीत कमी 5 घ्यावे लागतात, आणि बोर्डापेक्षा कुरियर महाग. मला मोटर एकच आहे. म्हणून घरचा उपाय. ट्रॅकचं चित्र गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरनं छापायचं, तांब्याच्या पत्र्यावर पालथं ठेवून इस्त्री फिरवायची. लेझरचा टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची पूड, ती वितळून तांब्याला चिकटते. मग बोर्ड फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. उघडं तांबं विरघळून जातं, टोनरखालचं राहतं. यात इंकजेटची शाई काही कामाची नाही, म्हणून मी घरचा प्रिंटर सोडून दुकानात. (फेरिक क्लोराइडचा पिवळट तपकिरी डाग बाथरूमच्या फरशीवरनं जात नाही. हा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.)

यात दोन पथ्यं. छापताना माप शंभर टक्के हवं. आणि कागदावर अक्षरं उलटी दिसायला हवीत, कारण कागद पालथा पडला की ती सुलटी होतात. मी फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकली, माझा ग्लॉसी कागद दुकानातल्या मुलाच्या हातात दिला आणि ही दोन्ही पथ्यं त्याला बजावून सांगितली. त्यानं मान हलवली. आधी साध्या कागदावर एक नमुना काढून माझ्यासमोर ठेवला. अगदी बरोबर होता. इथंच गोष्ट संपायला हवी होती.

"काय ओ सर, कुठला सर्व्हे नंबर?"

शेजारी एक काका उभे होते. सफारी, कपाळाला बुक्का, काखेत रबर लावलेल्या चार फायली. माझ्या नमुन्यावर त्यांचं बोट आधीच पोचलं होतं.

"काका, हे जमिनीचं नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे."

"असू दे, असू दे." त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सुरवातीला सगळे असंच सांगतात. सांगूच नये. एन.ए. झालंय?"

"अहो, हा बोर्ड आहे. मोटरीचा."

"स्केल काय धरलाय?"

"एकास एक."

काकांनी आधी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कागदावरचं चित्र आठ बाय सहा सेंटीमीटर. मग त्यांच्या चेहऱ्यावर आदर आला. "म्हंजे खरा नकाशा घरात हाय. शाणे हाय तुम्ही."

यापुढं मी जे जे खरं बोललो त्यानं त्यांची खात्री वाढतच गेली. मी वापरलेल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेल्या एटीमेगा 328 ला, 28 पाय असतात, 14-14 च्या दोन रांगा. काकांनी पेनच्या टोकानं त्या पायांचे ठिपके, म्हणजे पॅड, मोजले. "अठ्ठावीस प्लॉट. ह्या बाजूला चौदा, त्या बाजूला चौदा, मधनं रस्ता. किती फुटी रस्ता हाय?"

"7.62 मिलिमीटर."

"तीस फुटी धरूया." त्यांनी स्वतःच मंजुरी दिली. "आणि हा एकच प्लॉट चौकोनी का? बाकी सगळे गोल हायत."

"तो पहिला पाय. ओळखायला म्हणून त्याचा पॅड चौकोनी करतात."

"कॉर्नरचा हाय. मालकानं स्वतःला ठेवलाय, दुसरं काय. आणि हे एवढं काळं काय हाय?"

"ते ग्राउंड."

"ग्राउंड सोडलाय?" काका खूश झाले. "बरं केलाय. ओपन स्पेस दाखवल्याशिवाय नगरविकासच्या, बुडाच्या, हापिसात फाइल पुढं सरकत नाही. आणि ही इथं पट्टी मोकळी का सोडलाय? तीस-चाळीसचे चार प्लॉट बसतील की तिथं."

आता मला राहवलं नाही. ती मोकळी पट्टी म्हणजे माझ्या बोर्डाचा जीव आहे. रिलेच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, एका बाजूला मोटरीचे 230 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला पाच. मध्ये निदान 6 मिलिमीटर रान मोकळं पाहिजे, नाहीतर पाण्याच्या टाकीजवळच्या दमट हवेत एक दिवस ठिणगी उडी मारते आणि पाणी आल्याचा बझर बंद करायला गेलेला माणूस स्वतःच बंद होतो. हे मी तावातावानं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हाय टेन्शन लाइन गेलीय म्हणा की. मग भाव पडतोय तिथला."

मागं रांग वाढली होती. एका बाईंच्या हातात प्रतिज्ञापत्राचा कागद, एका पोराकडं मार्कलिस्ट. त्यांच्या मागच्या माणसानं मान उंचावून कानडीत विचारलं, "येन री अदु?" काय हो ते?

"होस लेआऊट री," नवा लेआऊट, असं काकांनी मालकाच्या थाटात सांगितलं, आणि तीनचार माना एकदम माझ्या बोर्डावर वाकल्या. "पाण्याची सोय बघून घ्या पहिला," प्रतिज्ञापत्रवाल्या बाई म्हणाल्या. "आमच्या भावानं घेतला, बोअरला फुफाटाच लागला."

तेवढ्यात बाहेरनं हाक आली, "स्कूटर कुणाची ओ? टेम्पो अडकलाय." मी स्कूटर काढायला गेलो. टेम्पोवाल्याशी दोन शब्द झाले, कारण जागा त्याला होती. परत येईपर्यंत ग्लॉसी कागद छापून, गुंडाळून, वर रबर लावून तयार.

"सर, नावं सगळी उलटी आलती, मी सरळ केलो," मुलगा अभिमानानं म्हणाला. "आणि कडेची चौकट कापली जायली होती, ती बी बसवून घेतलो."

"मीच सांगितलो," काका म्हणाले. "उलटं वाचायला पार्टीला कसं येणार? आणि हद्द कापलेली चालत नाही बघा. पुढं भांडणं."

किकॅड पानाच्या कडेनं एक चौकट छापतं. तिचा माझ्या बोर्डाशी काडीचा संबंध नाही, कापली गेली असती तरी काही बिघडलं नसतं. पण आमच्या भागातल्या माणसासमोर हद्दीची रेघ कापली जाते आहे आणि तो गप्प बसला आहे, असं राज्यांच्या हद्दी आखल्या त्या 1956 पासून तरी घडलेलं नाही. ती रेघ वाचवायला मुलानं सगळं पान 97 टक्क्यांवर आणलं होतं. माझी सूचना त्याच्या लक्षात होती, हे त्यानंच सांगितलं. पण काका रोजचे गिऱ्हाईक.

माझ्याकडं तेवढाच ग्लॉसी कागद होता. दहा रुपये दिले आणि निघालो.

घरी कागदावर 28 पायांचं सॉकेट ठेवून बघितलं. दोन पायांमधलं अंतर 2.54 मिलिमीटर, चौदा पायांत तेरा वेळा, म्हणजे 33.02. कागदावर भरलं 32. पहिला पाय पॅडच्या बरोबर मध्ये, दुसरा जरा कडेला, आणि चौदावा एक मिलिमीटर सरकून पॅड आणि शेजारच्या मोकळ्या जागेच्या मध्ये लटकलेला. वर सगळी नावं स्वच्छ वाचता येत होती. सगळं वाचता येत होतं म्हणजे बोर्ड पूर्ण वाया. तसाच इस्त्री केला असता तर सगळं सर्किट डावं-उजवं झालं असतं.

राग मला कागदाचा नाही. या जिल्ह्यात हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासताना मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर माल परत येतो. आणि त्याच गावात 28 पायांचं सॉकेट मागितलं तर दुकानदार टीव्हीचा रिमोट काढून दाखवतो. "पुण्यात मिळेल, नाहीतर बेंगळूरला." तांब्याचा पत्रा पुण्याहून, फेरिक क्लोराइड पुण्याहून, आणि ज्या पोरांना हे येतं तीही एव्हाना पुण्यातच. दिवाळीला येतात तेव्हा विचारतात, काका, तुम्ही अजून इस्त्रीनं बोर्ड करता? करतो बाबा. मला पाणी कधी येतं ते कळायला पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायची वेळ पाण्यालाच माहीत. कधी पहाटे तीनला येतं, कधी आम्ही लग्नाला गेलो की येतं. नळाला पाणी आलं की बझर वाजावा, संप, म्हणजे जमिनीतली टाकी, भरला की मोटर सुरू व्हावी, वरची टाकी भरली की बंद व्हावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. समोरच्या काकू पाणी आलं की कळशी आपटतात, त्यावर गल्ली चालते, आणि माझ्या घरच्यांच्या मते तीच सिस्टिम ठीक आहे. काकूंना 0 चुका असतात.

शिवाय दुसरी एक गोष्ट मला खुपते. त्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर लोकांचं काय काय पडलेलं असतं! आधार, पॅन, मार्कलिस्ट, कुणाच्या घटस्फोटाचे कागद. कुणी पुसत नाही, कुणी पुसा म्हणतही नाही. माझीही फाइल तिथंच राहिली, माझ्या नंबरासकट.

काल सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. बाजूला कुकरची शिट्टी, मागं पोराचं रडणं.

"सर, तो अठ्ठावीस प्लॉटचा लेआऊट तुमचाच नव्हं? पीडीएफ आलीय आम्हास्नी."

मी म्हणालो, हो, माझाच, पण तो बोर्ड आहे.

"बोर्ड लावलाय होय साईटवर? बरं झालं. रेट काय ते बसून बोलूया. पहिला हे सांगा सर, तिथं पाण्याचं कसं हाय?"

खरं सांगून काय होतं ते मी झेरॉक्सच्या दुकानात बघितलं होतं. तरी सांगितलं. "पाणी आलं की बझर वाजतो. संप भरला की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद."

पलीकडं त्यांनी फोनवर हात ठेवून बायकोला काहीतरी विचारलं. कुकर बंद झाल्याचं ऐकू आलं.

"हाय टेन्शनपासनं लांबचे दोन धरून ठेवा, सर."