कांगारूमुळे सोन्याचा भाव वाढत नाही

दसरा-दिवाळी जवळ आली की सोन्याबद्दलच्या फॉरवर्डना ऊत येतो. त्यातला एक मेसेज ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींकडून निघून इकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचतो आणि इकडून परत तिकडे जातो. मजकूर साधारण असा असतो: दागिना घेऊ नका, बिस्किट घेऊ नका, वन्यप्राण्यांचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं घ्या. चित्र दरवर्षी बदलतं, म्हणून प्रत्येक वर्षाचं नाणं पुढे दुर्मीळ होतं. त्यावर सरकारनं किंमत छापलेली असते, म्हणून पैसे बुडायची भीती नाही. ऑस्ट्रेलियाचं कांगारूचं नाणं 9999 शुद्धतेचं, म्हणजे 99.99 टक्के सोन्याचं, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरँड या 22 कॅरटच्या नाण्यापेक्षा सरस. प्रत्येक नाण्यामागे काही पैसे प्राण्यांच्या रक्षणाला जातात. आणि भारतात आणताना ते 'चलन' ठरतं, त्यामुळे कस्टमही लागत नाही. खाली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या टांकसाळीतल्या एका टनाच्या नाण्याचा फोटो.

ही नाणी देखणी असतात. कुणी हौसेनं जमवत असेल तर मी त्यांच्याच बाजूचा आहे, माझ्याकडेही आहेत. माझं भांडण मेसेजमधल्या हिशोबाशी आहे. एक औंसाच्या नाण्यात 31.1035 ग्रॅम सोनं असतं, म्हणजे आजच्या बोलीभाषेतल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं तीन तोळ्यांहून थोडं जास्त. त्या सोन्याच्या भावावर टांकसाळीची मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा मिळून जी रक्कम चढते तिला या धंद्यात प्रीमियम म्हणतात. विकताना सोन्याचा भाव मिळतो. प्रीमियम मात्र सगळा परत मिळेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा मिळत नाही. मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक दावा ही दोन खाती एकत्र करून बसतो.

"दरवर्षी नवं चित्र, म्हणून जुनं नाणं दुर्मीळ"

आधी चित्राचा इतिहास. पर्थच्या टांकसाळीनं 1986 मध्ये सोन्याच्या नाण्यांची ही मालिका सुरू केली तेव्हा त्यावर कांगारू नव्हताच. ऑस्ट्रेलियात सापडलेले सोन्याचे प्रसिद्ध गोळे होते. 1869 मध्ये व्हिक्टोरियात सापडलेला 'वेलकम स्ट्रेंजर' त्यातलाच. म्हणून मालिकेचं नावही 'नगेट'. कांगारू आला 1989 मध्ये. जगाच्या बाजारात गोळा बघून देश ओळखता येत नाही, कांगारू बघून येतो. तेव्हापासून चित्र दरवर्षी नवं, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण वर्ष संपल्यावर त्या सालचं नाणं पाडायचं थांबतं, याचा अर्थ ते थोडंच पाडलं असा होत नाही. गुंतवणुकीसाठीचं एक औंसाचं नाणं वर्षभर मागणी येईल तसं पाडलं जातं. कमाल संख्या आधी जाहीर करून पाडलेली नाणी वेगळी. पर्थचीच चांद्रवर्षाची मालिका घ्या: 1996 पासून दर वर्षी चिनी पंचांगातला एक प्राणी, आणि एक औंसाच्या नाण्यांना 30,000 ची मर्यादा. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी या मालिकेचा नियम उचलून कांगारूला लावलाय असा मला दाट संशय आहे. शिवाय त्या मालिकेत उंदीर, ड्रॅगन, डुक्कर असतात. ड्रॅगनला ऑस्ट्रेलियाचा वन्यप्राणी म्हणणं जरा अवघडच.

खरा पुरावा दुकानदाराच्या भावपत्रकात सापडतो. परदेशातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांच्या यादीत एकाच नाण्याच्या दोन ओळी असतात: 'चालू वर्ष' आणि 'कोणतंही वर्ष'. दुसऱ्या ओळीतला भाव बहुधा थोडा कमी असतो. ही लोकांनी परत विकलेली नाणी. कपाटातून जे हाताला येईल ते तुम्हाला मिळतं. मेसेज म्हणतो ते खरं असतं तर मागच्या सालांची नाणी अशी ढिगात, उतरत्या भावानं विकली गेली नसती.

उलट बाजूचा पुरावा क्रुगरँडचा. 1967 पासून त्याच्या एका बाजूला शिल्पकार कूर्ट स्टाइनबर्गनं काढलेला तोच स्प्रिंगबॉक आहे, आपल्या चिंकाऱ्याचा तिकडचा भाऊबंद. सालाचा आकडा सोडला तर चित्र जवळपास तेच. एकट्या 1978 मध्ये ही नाणी साठ लाखांच्या आसपास पाडली गेली. दुर्मिळतेचा लवलेश नाही, तरी जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सोन्याच्या व्यापाऱ्यासमोर ठेवलं तर तो ते दुसऱ्यांदा उलटूनही बघत नाही. नाणं पटकन विकलं जाणं हा ओळखीचा गुण आहे, नव्या चित्राचा नाही.

"मग 1982 च्या पांडाचं काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चीननं 1982 मध्ये सोन्याचा पांडा काढला. पहिल्या वर्षी मोठी नाणी काही हजारांतच होती, त्यावर दर्शनी किंमतसुद्धा नव्हती. आज त्या नाण्याला सोन्याच्या भावाहून खूप जास्त मिळतात, हे मान्य. पण ते मालिकेचं पहिलं वर्ष होतं, संख्या थोडी होती, आणि पुढे चीनमध्ये संग्राहकांचा नवा श्रीमंत वर्ग उभा राहिला. नंतरच्या वर्षांत पांडाच्या संख्येची कमाल मर्यादाच लाखांत गेली. एक गंमत अशी की 2001 नंतर चित्र बदलायचं नाही असं टांकसाळीनं ठरवलं होतं, म्हणून 2001 आणि 2002 चा पांडा एकच. संग्राहक नाराज झाले आणि 2003 पासून पुन्हा नवं चित्र सुरू झालं. म्हणजे दरवर्षीचं नवं चित्र हे गिऱ्हाईक परत यावं म्हणून केलेलं धोरण आहे. त्यात गैर काही नाही, पण त्याला दुर्मिळता म्हणू नये.

याच मुद्द्याला मेसेजनं एक सल्ला चिकटवलाय: बजेट कमी असेल तर सगळ्यात छोटी नाणी घ्या, प्रत्येक सालचं नाणं जमेल. एक विसांश औंसाच्या नाण्यात दीड ग्रॅमहून थोडंसंच जास्त सोनं. ते पाडायला, तपासायला, डबीत बंद करायला लागणारी मेहनत मोठ्या नाण्याइतकीच, त्यामुळे ग्रॅममागे प्रीमियम सगळ्यात जड. भाचीच्या बारशाला द्यायला छान आहे.

"सरकारी किंमत छापलेली आहे, बुडणार नाही"

छापलेली किंमत वाचली की हा मुद्दा स्वतःच आडवा होतो. एक औंसाच्या कांगारूवर 100 ऑस्ट्रेलियन डॉलर असं लिहिलेलं असतं. आतल्या सोन्याची किंमत त्याच्या कित्येक पट. कायद्यानं तुम्ही ते नाणं देऊन शंभर डॉलरचं वाणसामान आणू शकता. दुकानदार तुम्हाला जन्मभर दुवा देईल. भाव पडला तर सरकार तुमच्या खरेदीच्या किमतीला नाणं परत घेईल असं कुठेही लिहिलेलं नाही. हमी वजनाची आणि शुद्धतेची आहे, भावाची नाही.

मेसेजमधला फोटोच बघा ना. ते नाणं 1012 किलोचं, व्यास साधारण 80 सेंटिमीटर, वर उड्या मारणारा तांबडा कांगारू. दर्शनी किंमत दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. ते तयार झालं तेव्हाच त्यातलं सोनं पाच कोटी डॉलरच्या वर होतं. छापलेल्या आकड्याला काय अर्थ असतो ते त्या फोटोतच दिसतंय.

आणि 'सरकारी' या शब्दानं विक्रीची सोय कायम राहते असंही नाही. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधात अमेरिकेनं 1985 मध्ये क्रुगरँडच्या आयातीवर बंदी घातली, ती 1991 मध्ये उठली. तोवर नव्या सोन्याच्या नाण्यांचा बाजार कॅनडाच्या मेपल लीफनं, अमेरिकेच्या स्वतःच्या ईगलनं आणि हो, पर्थच्या नगेटनंही वाटून घेतला. नाण्यातलं सोनं तेच होतं, अडचण झाली ती देशाच्या नावाची.

कोणतं सरकार, हाही प्रश्नच. सोन्याचे हत्ती असलेली सोमालियाची नाणी लोकप्रिय आहेत. नाव सोमालियाचं, पण ती पाडली जातात जर्मनीत, बव्हेरियाच्या सरकारी टांकसाळीत. काम उत्तम असतं. मात्र ते नाणं तिथल्या राजधानीच्या, मोगादिशूच्या बाजारासाठी काढलेलं नाही, हे घेणाऱ्यानं ओळखून असावं.

"9999 शुद्ध, म्हणून 22 कॅरटपेक्षा सरस"

हा दावा आपल्याकडे सगळ्यात लवकर पटतो, कारण आपण सोन्याचा कस बघायला लहानपणापासून शिकलेलो असतो. म्हणून जरा थांबून तराजूवर बघू.

एका पारड्यात कांगारू ठेवा, काटा 31.1 ग्रॅमवर थांबतो. दुसऱ्यात क्रुगरँड ठेवा, काटा 33.93 ग्रॅम दाखवतो. वरचे पावणेतीन ग्रॅमहून थोडे जास्त म्हणजे तांबं. सोनं दोन्हीत तितकंच, पूर्ण एक औंस. दक्षिण आफ्रिकेनं सोनं कमी केलेलं नाही, वरून तांबं घातलंय. म्हणून तो रंगाला तांबूस दिसतो आणि कडक असतो. कांगारू पिवळाधमक आणि मऊ. नखाची नाही, पण शेजारच्या नाण्याची कड घासली तरी चरा उठतो. म्हणूनच पर्थवाले प्रत्येक मोठं नाणं पारदर्शक डबीत बंद करून देतात. क्रुगरँड मात्र नळीत एकावर एक रचून ठेवले तरी फारसं बिघडत नाही. शुद्ध सोन्याच्या नाण्यांवर कधी कधी बारीक तांबडे ठिपकेही उमटतात; पाडताना परक्या धातूचा सूक्ष्म कण चिकटून राहिला की हे होतं. सोनं कमी होत नाही, पण चित्रासाठी जास्त पैसे मोजलेला माणूस हळहळतो.

एका ठिकाणी मात्र मेसेज चुकून बरोबर ठरतो, आणि त्याचं कारण मेसेजला माहीत नाही. ऑस्ट्रेलियात गुंतवणुकीच्या सोन्यावर जीएसटी लागत नाही, पण त्यासाठी शुद्धता किमान 99.5 टक्के हवी. कांगारू त्यात बसतो, 22 कॅरटचा क्रुगरँड बसत नाही. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्यांनी तिथे नवं नाणं घेताना कांगारू निवडायला हे सबळ कारण आहे. ब्रिटन आणि युरोपात तसं नाही. तिथे 1800 नंतरची, 90 टक्के किंवा अधिक शुद्धतेची, कधीतरी कायदेशीर चलन असलेली आणि आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा 80 टक्क्यांहून जास्त महाग नसलेली नाणी व्हॅटमधून सुटतात. तिकडे दोन्ही सारखीच. लंडनच्या आत्येभावाला पर्थचा सल्ला पाठवताना एवढं बघावं.

बाकी बनावट माल दोन्हींचा निघतो. टंगस्टन या धातूची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की वजन, व्यास आणि जाडी जुळली तरी त्यावर विसंबता येत नाही. आतला धातूच तपासून घ्यावा लागतो. 'स्वस्तात कांगारू' म्हणून ऑनलाइन जे मिळतं त्यापासून लांब राहिलेलं बरं.

"नाण्याच्या पैशातून प्राणी वाचतात"

असं खरोखर झालेलं आहे, म्हणूनच हा दावा लगेच खोडता येत नाही. 1970 च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साथीनं बऱ्याच देशांनी वन्यजीव संरक्षणाची नाणी काढली, आणि विक्रीतला हिस्सा संवर्धनाच्या कामाला ठेवला होता. त्यात सोन्याची नाणीही होती: नेपाळचा एकशिंगी गेंडा, इंडोनेशियाचा कोमोडो ड्रॅगन, पाकिस्तानचा मारखोर हा रानबोकड. प्रत्येकी 33.437 ग्रॅम, 90 टक्के सोनं. आपल्या उपखंडातले प्राणी हवे असतील तर संग्राहकानं शोधावीत अशी ही नाणी आहेत, आणि ती खरोखरच मोजकी पाडलेली आहेत.

पण ती एका ठरलेल्या योजनेतली नाणी होती. रोजच्या गुंतवणुकीच्या नाण्यावर प्राणी कोरलेला आहे म्हणून त्या प्राण्याला काही पोचतं असं नाही. कांगारू, स्प्रिंगबॉक, अमेरिकेचा 2006 पासूनचा बफेलो, ही देशाची ओळख म्हणून घेतलेली चित्रं आहेत. बफेलोचं चित्र तर शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझरच्या 1913 च्या 'निकेल' म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावरून उचललेलं. मलेशियाच्या 'किजांग एमास'वर भेकर आहे, सह्याद्रीत रात्री कुत्र्यासारखं भुंकतं त्याच्याच गोतातलं. ते तिथल्या मध्यवर्ती बँकेचं बोधचिन्ह आहे आणि तिथल्या केलांतान राज्याच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांवरून आलंय. गोष्ट सुरेख आहे, पण भेकराच्या रानाला त्यातून छदाम मिळतो असा याचा अर्थ नाही. एखाद्या विशेष नाण्याबरोबर देणगी जोडलेली असेल तर टांकसाळ ते ठळकपणे सांगते. सांगितलेलं नसेल तर नाही असंच धरावं. प्राण्यांसाठी द्यायचे असतील तर प्रीमियमएवढी रक्कम थेट संस्थेला द्या, पूर्ण पोचेल.

"चलन आहे, भारतात कस्टम लागत नाही"

हा सगळ्यात घातक मुद्दा, आणि सगळ्यात छोटं उत्तर. बराच काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना दागिन्यांवर जी ठरावीक सवलत मिळते ती दागिन्यांपुरतीच आहे. नाणी आणि बिस्किटं त्यात येत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं कायदेशीर चलन हे भारतीय कस्टमच्या लेखी सोनंच. विमानतळावर लाल मार्गिकेतून जाऊन ते जाहीर करायचं आणि शुल्क भरायचं; न सांगता हिरव्यातून गेलात आणि सापडलात तर नाणं जप्त होऊ शकतं. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम कस्टमच्या संकेतस्थळावर बघावा, फॉरवर्डमध्ये नाही.

आणि इथे आणलंच, तर विकायचं कुठे? बँका इथे सोन्याची नाणी विकत आल्या, पण परत घेत नाहीत. उरतो सराफ. तो डबी उघडतो, मशीनवर टंच बघतो, वजन करतो आणि त्या दिवसाच्या भावानं मोड घेतो; वर थोडी घटही धरतो. कांगारू 1990 चा आहे की गेल्या वर्षीचा हे तो विचारत नाही. डबीसकट, न घासलेलं, त्या चित्रासाठी दोन पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक हवं असेल तर ते पर्थ, सिंगापूर किंवा लंडनच्या व्यापाऱ्याकडे भेटतं. म्हणजे तिकडे राहणाऱ्यानं तिकडेच घ्यावं, तिकडेच ठेवावं आणि तिकडेच विकावं.